दस्त्यावरचा ओरखडा

तांबडमाळचे जहागीरदार तुळाजीराव यांना शिकारीचा भारी षोक. त्यांनी हौसेने विलायती रायफल मागवली. किंमत अशी, की तेवढ्यात गावाला नवी वेस बांधून झाली असती. पण पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. दस्त्याच्या लाकडावर केसाएवढा एक ओरखडा होता.

जहागिरीची हत्यारं सांभाळणाऱ्या म्हाळोजीने ती रायफल शहरातल्या दुकानात चालवून बघून पसंत केली होती. त्याला बोलावणं गेलं.

"एवढी महाग वस्तू आणि तिला ओरखडा? डोळे गहाण टाकले होतेस का? आजपासून तुझी चाकरी संपली!"

"सरकार, नेम तर बरोबर लागतोय."

"नेमाचं कोण विचारतंय? दसऱ्याला पाहुणे हत्यारं बघायला येतील. त्यांना काय सांगू?"

सरकारांनी आजवर साधा ससाही मारला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हाळोजीने अदबीने मान खाली घातली.

"सांगा की, बिबट्याने झेप घेतली, आपण दस्ता आडवा धरला आणि त्याचा पंजा दस्त्यावर बसला. कोऱ्या बंदुकीला असला मान कुठून मिळणार, सरकार?"

तुळाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. म्हाळोजीची चाकरी राहिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी म्हाळोजीला पुन्हा बोलावलं, दार लावून घेतलं आणि रायफल त्याच्यापुढे धरली.

"काय रे, बिबट्याला नख एकच असतं का? आणखी तीन ओढ."