बाराव्या फोननंतर

"मग पुढची तारीख सोमवारची देऊ का?"

वाक्य तोंडून गेलं आणि मग प्रसन्न दिवाणच्या लक्षात आलं, की पलीकडच्या माणसाने आत्ताच काय सांगितलं होतं.

पलीकडे लिंबाजी शेळवणे होते, पेशंट अंकुशचे वडील. ते म्हणाले होते, "अंकुशनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं, साहेब. आज दहावा हाय त्याचा."

मंगळवारची दुपार होती. तालुक्याच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मंगळवारी पेशंट नसतात. सोमवारची तारीख चुकवलेल्यांना फोन करायचा, ठरलेली चार वाक्यं बोलायची, नवी तारीख द्यायची. त्या दिवशीचा हा बारावा फोन.



मग लिंबाजी म्हणाले, "द्या. येतो."

प्रसन्न व्हरांड्यात आला. बाकावर सरूमावशी नव्या फाइलींत दोरे ओवत बसल्या होत्या. नऊ वर्षं त्या याच विभागाच्या पेशंट होत्या. आता इथेच नोकरीला. कागदावर त्यांचं पद 'सोबती'. काम एवढंच, की येणाऱ्याच्या शेजारी बसायचं. प्रसन्न शिकलेला समुपदेशक. आलेल्याची पहिली मुलाखत त्याची, आणि त्याच्याइतका नेटका फॉर्म जिल्ह्यात कुणी भरत नाही, असं त्याला वाटे.

"मावशी, हा फॉर्म बघा."

"मला काय कळतंय त्यातलं? अक्षर तेवढं झकास आहे तुमचं. लग्नपत्रिका काढा यावरून."

"चेष्टा नको. अंकुश शेळवणे गेला. स्वतःच..."

सरूमावशींचा हात थांबला.

"मी सगळं विचारलं होतं. एक रकाना रिकामा नाही. हे बघा. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' उत्तर, नाही."

"लगेच म्हणाला?"

"लगेच."

"मग?"

"मग पुढचा प्रश्न. झोप कशी लागते."

त्यांनी दोरा बाकावर ठेवला.

"माझी चूक नाही ना, मावशी?"

...

"सांगा ना."

त्यांनी दोरा पुन्हा हातात घेतला, पण ओवला नाही.

प्रसन्न म्हणाला, "आता त्याचे वडील येतायत सोमवारी. मी सवयीने तारीख देऊन बसलो. फोन करून सांगतो, चुकून बोललो, येऊ नका."

"नका सांगू."

"पेशंटच राहिला नाही, तर तारीख कसली?"

"'येतो' असं कोण म्हणालं?"

"लिंबाजी."

"मग त्यांच्या नावाचा फॉर्म काढा."

"ते कुठे आजारी आहेत? तक्रारीच्या रकान्यात लिहू काय?"

"राहू द्या तो रकाना."

"रिकामा?"

"बघा जमतंय का, सर."

सोमवारी लिंबाजी सगळ्यांच्या आधी आले. भादरलेल्या डोक्यावर टोपी, हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी.

"पोराच्या राहिलेल्या गोळ्या हायत," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला चालतील म्हनून आनल्या."

प्रसन्नने त्यांना आत बसवलं. सरूमावशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. नाव, वय, गाव, घरात कोण कोण. लिंबाजी सरळ उत्तरं देत होते. तक्रारीचा रकाना प्रसन्नने ओलांडला.

"काका, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?"

"छ्या! घरात मालकीन हाय, दोन म्हशी हायत. आसं करून कसं चालंल?"

प्रसन्नचं पेन रकान्यापर्यंत गेलं होतं. त्याने ते मागे घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. दोनदा. तीनदा.

लिंबाजी पिशवीची गाठ सोडत होते, परत बांधत होते.

...

"ह्या गोळ्या," ते अखेर म्हणाले, "कुनाला द्यायला न्हाई आनल्या. घरात ऱ्हायला नकोत म्हनून आनल्या."

"का, काका?"

"माजंच भ्या वाटतंया मला."

प्रसन्नने पिशवी घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग तो स्वतः त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

दुपारी लिंबाजींची थोरली लेक आली. डॉक्टर तिच्याशी दार लावून बोलले. गुरुवारची तारीख घेऊन बापलेक निघाले. फाटकापर्यंत सरूमावशी त्यांच्यासोबत गेल्या, आणि परत येऊन बाकावर बसल्या.

प्रसन्नही येऊन बसला. पहिल्यांदाच त्या बाकावर.

"आज थांबलो मी, मावशी."

"हो. बघितलं."

"त्या दिवशी थांबलो असतो तर..."

सरूमावशींनी समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"तुमच्याकडं यायच्या आधी तो अर्धा तास इथं माझ्यापाशी बसला होता, सर. मी त्याला पाणी दिलं. विचारलं काहीच नाही."