पाचव्या माळेचा घास

फार मागची गोष्ट. आपल्या टाकळखोप्याच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, गोठा आणि देव्हारा एकाच आढ्याखाली असायचा. गावात येसाई नावाची एक सून होती. नवरा वारलेला. घरात सासू राधक्का आणि दावणीला दोन बैल.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. कडबा सरला, झाडपाला सरला, शेवटी छपराचं गवतही बैलांनी खाल्लं. घरात खायला थोडे वेगळे गहू होते; बाकी एक कणगी गहू होता, पण तो बियाण्याचा. राधक्का रोज कणगीत हात घालायची, कोपरापर्यंत गहू लागला की म्हणायची, "पोटाला चिमटा घे, पण याला हात लावू नको. बी गेलं तर घर गेलं."

"आणि बैल गेले तर, आत्याबाई? पेरायचं कशानं?"

"ते देवीला विचार."

नवरात्र बसलं. येसाईनं मूठभर गव्हाचा घट घातला. पाचव्या माळेला अंकुर चार बोटं वर आले. तीन दिवस आडवा पडलेला पवळ्या बैल गुडघ्यांवर सरकत देव्हाऱ्याशी गेला आणि सगळा घट खाऊन बसला. दिवस मावळायच्या आत तो चारी पायांवर उभा राहिला, असं म्हणतात.

येसाईला रडावं का हसावं कळेना. ती धोंडू गुरवाकडं गेली. "मामा, हे पाप का पुण्य?"

गुरवानं डोकं खाजवलं. "पाप म्हणावं तर बैल उठला. पुण्य म्हणावं तर घट मोडला. आमच्या वाडवडलांनी असलं काही सांगून ठेवलं नाही, पोरी."

ती गेली तशीच गोंधळात परत आली. पण हातांनी आपलं काम धरलं. कणगीतून ओंजळभर गहू काढला, भिजवला, फडक्यात बांधला. मोड आल्यावर टोपलीत पसरून पाणी शिंपडत राहिली. आठव्या दिवशी टोपलीभर हिरवी चटई उभी राहिली, मुळांसकट. मग रोज एक ओंजळ, रोज एक टोपली. शेजारी मागायला आले, त्यांनाही ती तुकडा तोडून द्यायची. म्हणायची, "ज्वारी मात्र भिजवू नका, तिचा कोवळा कोंब जनावराला बाधतो." तेवढं एक तिला पक्कं ठाऊक होतं.

"लोकांचं नवरात्र नऊ दिवसांचं," राधक्का टोमणा मारायची, "आमच्या सूनबाईंचं सरतच नाही."

येसाई रोज भीत भीत कणगीत हात घालायची. गहू कोपरापर्यंतच. ओंजळ जाते, गहू हलत नाही. हे कसं, ते तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. कुणी म्हणतं, देवीनं भर घातली. कुणी म्हणतं, राधक्कानं तेव्हापासून एक वेळचा उपास धरला होता, आणि तिच्या वाट्याचे गहू कुठं गेले ते कुणी पाहिलं नाही. एवढं खरं, की त्या साली सासूच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

कार्तिकात अवकाळी पाऊस आला. शिवारात पेरणीची पहिली पाभर येसाईच्या बैलांनी ओढली.

बाकीच्या गावांत अजूनही दसऱ्याआधी घटाला कुणी हात लावत नाही. आपल्या गावात मात्र पाचव्या माळेला बैल देव्हाऱ्यापर्यंत आणतात, पहिला घास त्याचा. त्या दिवशी घरातली थोरली बाई एक वेळ जेवत नाही. पाहुणे विचारतात, अहो, हे पाप का पुण्य? तेव्हा गाव येसाईचंच बोलणं सांगतं, "मला नाही उमगलं बाबा. बैल उभा आहे, एवढं दिसतंय."