नऊ तोळे ऊन

"सत्तर खिडक्या! आणि सगळ्या अखंड काचेच्या!" रणधीरराव महाराजांनी हुकूम सोडला. "शेजारच्या संस्थानाने बसवल्या, मग करपगावाने का मागे राहायचं?"

महालाच्या जुन्या खिडक्या वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यामुळे नव्या घेणं भागच होतं. झुंबरशेठने दरबारात आणलेला नमुना तर डोळे दिपवणारा होता. सोनेरी चौकट आणि पुरुषभर उंचीची एकच काच! कोपऱ्यात धोंडू सुताराची खिडकीही टेकवून ठेवली होती. तिला बाहेरून तिरक्या लाकडी पट्ट्या होत्या आणि आत साधी काच. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

"आणि महाराज," शेठ गोड हसले, "माझ्या काचेतून नुसता उजेड आत येतो. ऊन बाहेरच राहतं!"

वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणारी बायजा नेमकी तेव्हाच घागर घेऊन चालली होती. तिला फिस्सकन हसू फुटलं.

"कोण हसलं?" महाराजांनी विचारलं.

"मी, सरकार. शेठचं ऊन भलतंच शहाणं दिसतंय! दारात चपला काढून बाहेरच बसतं म्हणायचं!"

"तुला गं काय कळतं काचेतलं?" शेठ फणकारले.

"काचेतलं नाही कळत, पाण्यातलं कळतं. दिवाणखान्याला एक काचेचं तावदान बसलं, तेव्हापासून तिथल्या पडद्याला आठाच्या सोळा घागरी लागतात. अशी सत्तर बसली, तर अख्खी विहीरच खांद्यावर घ्यावी लागेल!"

"हिचा खांदा दुखतो, म्हणून माझी काच वाईट!" शेठ कडाडले.

महाराज हट्टाला पेटले. "जास्त ऊन, कमी ऊन, असल्या मोघम गोष्टी मला चालत नाहीत! उद्या तिसऱ्या प्रहरी या तागडीत ऊन तोलून दाखव. कोणत्या खिडकीतून किती तोळे येतं ते कळू दे! जमलं तर तू म्हणशील ती खिडकी. नाही जमलं तर घागर इथेच ठेव आणि करपगावची वेस ओलांड!"

दरबारात कुजबुज उठली. ऊन कधी कुणी तोललंय? बायजाने घागर सावरून धरली. तिचा जन्म याच गावात गेला होता. पण तोंडाने ती म्हणाली, "जशी आज्ञा. मला दोन सारखी लाकडी खोकी आणि एकाच डेऱ्यातलं लोणी तेवढं मिळू दे."

दुसऱ्या दिवशी अंगणात रणरणत्या उन्हात दोन खोकी मांडली गेली. एकाच्या तोंडाला शेठची खिडकी, दुसऱ्याच्या तोंडाला धोंडूची. सगळ्या फटी बायजाने शेणमातीने लिंपून टाकल्या. आत यायचं ते खिडकीतूनच आलं पाहिजे! प्रत्येक खोक्यात एक कलती थाळी, थाळीवर दहा तोळ्यांचा लोण्याचा गोळा आणि थाळीखाली वाटी.

"अगं, हे तर तू लोणी तोलणार!" महाराज म्हणाले. "मी ऊन तोलायला सांगितलं होतं!"

बायजाने दरबाराच्या घटिकापात्राकडे, पाण्यावर सोडायच्या भोकाच्या वाटीकडे, बोट दाखवलं. "सरकार, त्या वाटीत काय भरतं?"

"पाणी."

"मग वाटी बुडाली की तुमचा घटका मोजणारा 'पाणी झालं' का नाही ओरडत? 'घटका झाली' असंच का ओरडतो?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, बरं! पण कुणीही खिडकीला हात लावायचा नाही!"

घटिकापात्र पाण्यावर सोडलं. इतक्यात झुंबरशेठ लगबगीने उठले, मोठी छत्री उघडून आपल्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी आपला राखण करतो. हात कुठे लावलाय?"

बायजाने ते पाहिलं आणि त्यांना तसंच उभं राहू दिलं.

घटका भरली. वाट्या तागडीत चढल्या. पाघळलेलं लोणी धोंडूच्या खिडकीमागे दोन तोळे भरलं आणि शेठच्या खिडकीमागे दीड!

"दीड!" शेठ छत्रीसकट नाचले. "बाई, घागर ठेवा खाली!"

महाराजांचा चेहरा गंभीर झाला. "बायजे, तुझ्याच तागडीने तुला हरवलं."

"हरवलं खरं, सरकार. जाते मी. पण जाण्याआधी एकदाच पुन्हा तोलू द्या. आणि शेठ बिचारे उन्हात शिजलेत, या वेळी त्यांना तुमच्या शेजारी पंख्याखाली बसवा."

"नको, नको, मी इथेच बरा!" शेठ म्हणाले.

"बसा!" महाराज गरजले.

शेठ बसले, पण बूड टेकवून नाही. नवे गोळे ठेवले, पुन्हा घटका भरली. धोंडूची वाटी पुन्हा दोन तोळे. शेठची वाटी मात्र काठोकाठ! नऊ तोळे!

महाराज चक्रावले. "काच तीच, खोकं तेच, लोणी एकाच डेऱ्यातलं. मग फरक कशाचा पडला?"

"शेठचा, सरकार! ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर अडतं, एकदा आत आलं की ठाण मांडून बसतं. धोंडूच्या पट्ट्या ते बाहेरच अडवतात. शेठच्या खिडकीला पट्ट्या नाहीत, म्हणून स्वतः शेठ लागतात! खुशाल घ्या ही खिडकी. दिसायला देखणी आहे, ऊनही दीडच तोळा येईल. फक्त खिडक्या सत्तर आहेत, तेव्हा छत्री धरून उभे राहायला सत्तर झुंबरशेठ तेवढे मागवा! चैत्रापासून मृगापर्यंत पुरतील!"

महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की पंखा ओढणाऱ्याच्या हातची दोरी सुटली. "सत्तर शेठ! अरे, एकच आवरत नाही!"

त्याच बैठकीत सत्तर खिडक्यांचं काम धोंडूकडे गेलं. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बायजाच्या ओंजळीत टाकलं. "आजपासून महालासाठी दार घ्यायचं असो की छपराचं कौल, आधी बायजा तोलेल, मग मी पाहीन! आणि पाण्याच्या घागरी निम्म्या झाल्या, तरी पगार पुरा!"

शेठ आपली सोनेरी चौकट उचलून हळूच निघाले होते. बायजा अदबीने आडवी आली.

"शेठ, जरा ऊन उतरल्यावर निघा. काच अंगाशी धरून चाललात, तर वेशीपर्यंत तुम्हीच पाघळाल!"