काड्यांची बोडी

आज सकाळपासून आभाळ धरून आहे, पण थेंब नाही. वारा पडलाय, अंगाला घाम चिकटतो. अशा दिवशी चतुर खाली उतरतात, पाण्याला लागून फिरतात. ते पाहा. बसा या पाळीवर, बांधावरचा हा दगड कोरडा आहे. काठाकाठानं पाण्यात बांबूच्या काड्या रोवलेल्या दिसतात ना? त्या मासे धरायच्या नाहीत. त्या चतुरांच्या आहेत. एका काडीवर एकच बसतो. दुसरा आला की हा त्याला हाकलून येतो आणि फिरून त्याच काडीवर टेकतो. ऊन तापलं की शेपटी सरळ आभाळाकडं करतो. बाकीच्या गावांत लेकरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून खेळतात. आमच्या कारूटोल्यात तो खेळ नाही. लहान तळ्याला आमच्याकडं बोडी म्हणतात, आणि हिला म्हणतात काडीबोडी. ते का, हे माझ्या आज्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

फार मागं इथं फागोजी पाटील होते म्हणे. ही बोडी त्यांच्याच वाडवडिलांनी बांधलेली. त्यांना एकच लेक, रेवता. ती आठ वर्षांची असताना अंथरुणाला खिळली. अन्न जाईना, डोळे उघडेनात. फागोजींनी पाळीवरच्या मातामायपुढं नारळ ठेवला आणि शब्द दिला, लेक उठली तर तुझी बोडी ताटासारखी लख्ख ठेवीन, पाण्यात काडी दिसू देणार नाही. लेक उठली.

माणूस शब्दाचा पक्का. वैशाखात पाणी खाली गेलं, तसं त्यांनी अख्खं गाव बोडीत उतरवलं. लव्हाळं उपटलं, पाणकणीस उपटलं, कमळाचे कांदे खणून काढले. गाळ खरवडून पाळीवर टाकला. त्या गाळात पाण्यातले किडे वळवळत होते म्हणे, ते उन्हात वाळून गेले. किड्यांकडं कोण पाहतो? पुढं पाऊस झाला, बोडी भरली. तळाची वाळू दिसावी असं पाणी. चार गावची माणसं पाहायला आली आणि पाटलांचं नाव घेऊन गेली.

भादव्यात डास झाले. डास दरवर्षी होतात, पण हे वेगळे. गाईबैलांना धुराशिवाय उभं राहता येईना. पाठोपाठ ताप आला, थंडी वाजून येणारा, दिवसाआडचा. डासांनी ताप येतो हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? गावात सात माणसं गेली. पाटलांच्या शेजारचा डोमाजी, त्याची म्हातारी आई त्यात गेली. आणि रेवता पुन्हा पडली.

पाटलांना वाटलं, आपल्या शब्दात कसर राहिली. मग ते रोज सकाळी स्वतः पाण्यात उतरून हिरवा कोंब दिसला की उपटायचे. ताप वाढला की आणखी उपटायचे.

बोडीत मासे धरायची सुकवंता नावाची ढिवरीण. तिचा जाळं बांधायचा एक खुंटा तेवढा पाण्यात राहिला होता. एक दिवस ती उजाडता आली, तर खुंटा दिसेना. नुसत्या किड्यांनी भरलेला, एकावर एक चढलेले. तिच्या जाळ्यात रोज येणारे तेच ते बिनपंखी पाणकिडे. ती पाहत बसली. एकाची पाठ उकलली आणि आतून ओला, चुरगळलेला चतुर बाहेर आला. पंख पसरायला जागा मिळाली ती दोघाचौघांनाच. बाकीचे एकमेकांवरून घसरून पाण्यात पडत होते आणि मासे त्यांना गिळत होते.

ऊन वर आल्यावर तिनं खुंटा उपटला आणि तसाच पाटलांच्या दारात नेऊन ठेवला. त्याच्यावर रिकामी टरफलं चिकटलेली.

"हे पाहा, पाटील."

"तुझा खुंटा आहे. मी तोही काढायला सांगणारच होतो."

"काढा ना. मग हे चढतील कशावर? तुमच्या मिशांवर?"

पाटलांनी एक टरफल काढून हातात घेतलं. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. चतुर पाण्यात जन्मतात, लहानपणी पाण्यात डासांची पिल्लं खातात, मोठेपणी हवेत डास खातात. पण मोठं व्हायला त्यांना पाण्याबाहेर चढावं लागतं, आणि बोडीत चढायला काडी ठेवली नाही. म्हणून डास माजले, आणि डासांच्या पाठोपाठच ताप आला.

"मी मातामायला शब्द दिलाय, बाई."

"मातामायला लख्ख ताट पाहिजे, का ताटावर बसणारी लेक पाहिजे, हे विचारलं का तिला?"

आत रेवताला हुडहुडी भरली होती. खाटेचा आवाज दारापर्यंत येत होता, असं सांगतात.

पाटील उठले. मातामायपुढं जाऊन म्हणाले, ताटाचा शब्द मोडतो, म्हणून ताट सोडतो. त्या दिवसापासून मरेपर्यंत ते पळसाच्या पानावर जेवले. मग बांबू फोडून काड्या केल्या आणि एकटेच पाण्यात उतरले. कोणाला बोलवायची हिंमत नव्हती. सात घरांतलं माणूस गेलं होतं, आणि बोडी कोणाच्या शब्दापायी खरवडली ते गाव जाणत होतं. लोक पाळीवर उभे राहून नुसते पाहत होते. तेवढ्यात डोमाजी काड्यांचा भारा घेऊन आला.

पंधरा दिवसांत काड्यांवर टरफलं दिसू लागली. पुढं लव्हाळंही परत लावलं. रेवता दिवाळीला उठून बसली आणि कार्तिकात पाळीपर्यंत चालत आली. चतुरांनी वाचवली, मातामायनं वाचवली, का थंडी पडली म्हणून डास कमी झाले, ते मला सांगता येणार नाही. वाचली एवढं खरं.

आजही वैशाखात गाळ काढतात, पण तो पूर्वेचा कोपरा सोडून. तिथलं लव्हाळं कोणी तोडत नाही. त्या दिवशी गावात ताट निघत नाही, सगळे पळसाच्या पानावर जेवतात. पाऊस होऊन बोडी भरली की काड्या रोवायच्या. पहिली काडी ढिवराच्या घरची, आमच्या घरची. मग पाटलाच्या घरचा माणूस एकटा पाण्यात उतरतो, आणि सगळं गाव पाळीवर गप्प उभं राहतं. आता जो आहे तो शिकलेला आहे, तालुक्याला नोकरी करतो, तरी त्या दिवशी येतो आणि खाली मान घालून उभा राहतो. मग त्याच्या शेजारचा, डोमाजीच्या घरचा, पाण्यात उतरतो. तेव्हा आईचं सुतक अंगावर असताना डोमाजी पाटलाला जे बोलला, तेच तो बोलतो:

"सरका जी पाटील, थोडी जागा द्या. माझी काडी बी इथंच रोवतो."