झाकल्या घागरीतले उडीद

फार मागे मधुपर्णी नगरीत उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. त्याच नगरीत नंदक नावाचा ओतारी राहत असे. पितळ वितळवून घंटा ओताव्यात तर त्यानेच, आणि द्यूतगृहातले पितळी फासेही त्याच्याच हातचे. इथेच घोडे पेंड खात होते. ‘मी ओतलेले फासे मलाच दगा देतील होय?’ असे म्हणत हा शहाणा रोज खेळायला बसे, आणि फासे त्याला रोज दगा देत. मूस गेली, भाता गेला, बायकोच्या हातातले कडेही गेले. तरी त्याला उठवेना.

राजाला जुगाराचा भारी तिटकारा, निदान चारचौघांत तरी. त्याने नंदकाला सभेत उभे केले आणि बायकोमुलांसकट नगराबाहेर घालवण्याची आज्ञा दिली.

“अख्ख्या नगरात हा एकटाच असला निघाला. गेला की सुटलो,” राजा म्हणाला.

बोधिसत्त्वांनी शांतपणे विचारले, “महाराज, एकटाच कशावरून?”

राजाने सभेकडे पाहिले. “तुमच्यात कोण फासे खेळतो? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. धनपाल श्रेष्ठींनी तर कानांवर हात ठेवले. एवढ्या माणसांत वाया गेलेले ते आपणच, असे नंदकाला वाटले. दाराशी त्याची बायको सुभगा कडेवर पोर घेऊन उभी होती. पायाशी गाठोडे होते. तिच्याकडे बघायचे त्याला धाडस झाले नाही.

त्या नगरीतल्या दानशाळेत गुप्तदानाची घागर असे. तोंडावर कापड बांधलेले. मूठ कापडाखाली न्यायची आणि सोडायची. कोणी काय दिले ते कोणाला कळत नसे. बोधिसत्त्वांनी ती घागर चौकात आणवली.

“वयात आलेल्या प्रत्येकाने हिच्यात एक दाणा टाकावा,” ते म्हणाले. “जो कधीच खेळला नाही त्याने तांदूळ. जो खेळतो, पण मनात आले की उठतो, त्याने मूग. आणि ज्याला उठायचे असूनही उठता येत नाही, त्याने उडीद. आपणही टाकावा, महाराज.”

राजा हसला. “टाकू की. एकच उडीद निघाला तर नंदक जाईल. जास्त निघाले तर तुम्ही म्हणाल तसे.”

प्रत्येकाच्या मुठीत तिन्ही दाणे दिले गेले. एक घागरीत सोडायचा, दोन नदीत. नंदकाने उडीद सोडला. हात बाहेर काढतो न काढतो तोच त्याच्या मनात पैज लागली, एक निघेल की जास्त? घर उठायची वेळ आली तरी सवय काही सुटेना. त्याला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी सभेत पांढऱ्या वस्त्रावर घागर उपडी केली. तांदूळ निघाले ते थोडे. मुगाचा मात्र हा मोठा ढीग. अहो, निम्म्याहून जास्त नगर खेळत होते! आणि त्या हिरव्या ढिगात इथे तिथे, वेचू म्हटले तरी सहज वेचून होणार नाहीत इतके, काळे उडीद होते.

श्रेष्ठी आपल्या पायाची बोटे न्याहाळू लागले.

बोधिसत्त्व म्हणाले, “महाराज, उडीद टाकणाराही एके काळी मूगच टाकत होता. कुणाकुणाला हाकलणार? ज्याला उठता येत नाही, त्याला हात द्यायचा असतो.”

राजा सिंहासनावरून उतरला आणि वस्त्रापाशी येऊन उभा राहिला. “अमात्य, यातला एक माझा आहे,” तो म्हणाला.

मग मागून कोणीतरी म्हणाले, “एक माझा.” कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “माझाही.” शेवटी श्रेष्ठीही घसा खाकरून पुढे आले. नंदकाने मान वर केली. दाराशी उभ्या सुभगाने पायाशी ठेवलेले गाठोडे उचलले आणि घरचा रस्ता धरला. तो तिच्या मागोमाग निघाला, आणि रस्ताभर त्याला रडू आवरले नाही.

द्यूतगृह बंद करायचे ठरले तेव्हा कोषाध्यक्ष कुजबुजला, “त्याच्या करावर निम्मी तिजोरी भरते.”

“ती कोणाच्या घरांतून भरते, ते आपण आताच पाहिले,” बोधिसत्त्व म्हणाले.

नंदकाची मूस आणि भाता परत आले. नगरातले सगळे पितळी फासे त्याने वितळवले आणि त्यांची एक घंटा ओतून चौकात टांगली. ज्याचा हात फाशांसाठी शिवशिवेल त्याने ती वाजवावी, आणि ऐकेल त्याने हातातले काम टाकून यावे, असा नगराचा नियम झाला.

एका दुपारी घंटा घणघणली. नंदक काजळलेल्या हातांनीच धावला. बघतो तर दोर धरून खुद्द राजा उभा, कपाळावर घाम.

“या महाराज,” नंदक म्हणाला, “भाता ओढायला माणूस हवाच होता.”

आणि उग्रतेज राजाने संध्याकाळपर्यंत भाता ओढला. त्या दिवशी तो फाशांना हात न लावता घरी गेला, आणि पुढेही जात राहिला.

ही कथा सांगून भगवान शास्ते जेतवनातल्या सभेला म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. अमात्य मीच होतो. आणि नंदक आज इथेच, तुमच्यात बसला आहे. मागे वळून पाहू नका. त्याला जेव्हा सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेल. तोवर झाकलेले झाकलेले ठेवणे, आणि हाक आली की धावणे, हीच करुणा.”

कोणीही मागे वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने खांबाआडून एक माणूस आपणहून उठला आणि पुढे आला.