कोथिंबिरीचा भाव

बार्शीत बसस्टँडसमोर मोठं सुपरमार्केट उघडलं. त्याच जागेजवळ हौसाबाई वीस वर्षं भाजी विकत होत्या. दाराशी मांडलेली त्यांची टोपली मॅनेजर पेंढारकरांच्या डोळ्यांत खुपू लागली.

एका सकाळी गिऱ्हाइकांदेखत ते म्हणाले, "बाई, उद्यापासून इथं बसायचं नाही. आमच्याइतकं स्वस्त गावात कुणी देत नाही. एक तरी वस्तू आमच्याहून स्वस्त दाखवा, मग खुशाल बसा!"

हौसाबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्याकडं कोथिंबीर कशी?"

"दहाला जुडी."

हौसाबाईंनी समोरच्या बाईच्या पिशवीत वांग्यांवर मूठभर कोथिंबीर टाकली. "मी भाजीवर फुकट देते."

"मग उद्यापासून आम्हीही फुकट देऊ!"

"द्या की. पण ती नुसती बरोबरी झाली. माझ्याहून स्वस्त द्यायची, तर कोथिंबीर नेल्याबद्दल तुम्हालाच गिऱ्हाइकाला पैसे द्यावे लागतील!"

सगळे खो खो हसले. पेंढारकरांनाही हसू आवरेना.

"बसा, हौसाबाई," ते म्हणाले, "पण उन्हात नको, आमच्या छपराखाली या."

आता लोक तेल-साखर आतून घेतात आणि भाजी बाहेरून.