आसनावर बसलेला राजा

हिमालयातल्या एका राजाला मठदर्शनाची भारी हौस. दर्शन कसलं, लूटच ती! एका मठातून त्याने दिवंगत गुरूंचा डमरू उचलला, दुसऱ्यातून जपमाळ.

मग तो डोंगरमाथ्यावरच्या मठात आला. तिथलेही गुरू वारले होते आणि आसन रिकामं होतं. गुरूंच्या वस्तू ओळखून जो ‘ही माझी’ म्हणेल, तोच त्यांचा नवा जन्म, अशी तिकडची रीत. राजा चिखलाच्या बुटांनिशी आसनावर चढला. “हे माझं! राजवाड्यात न्या.”

म्हाताऱ्या रिग्झिन भिक्षूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्याने राजापुढे लोटांगण घातलं. “गुरुदेव, परत आलात! आपलं आसन बरोबर ओळखलंत!” जमलेल्या गावानेही माथा टेकला.

रिग्झिन उठून गरजला, “वस्तरा आणा रे! गुरूंचं डोकं भादरा. आता राज्य नाही, राणी नाही, फक्त सातूचं पीठ!”

वस्तरा दिसताच राजाने टुणकन खाली उडी मारली. “आसन माझं नाही!”

“मग चिखल पुसा,” रिग्झिन कडाडला. “आणि तो कमरेचा डमरू, ती गळ्यातली जपमाळ कुणाची? नीट विचार करून सांगा. वस्तरा अजून हातातच आहे.”